मआमीरमधले साकल

बहारीनमधल्या मआमीरच्या आमच्या गोदामात सहा इंची गॅस्केट हवी असेल, तर तक्षशिलेला जावे लागे. रंगाचे डबे पुष्कलावतीत मिळत. हातमोजे, हेल्मेट, गमबूट हे सारे कापिशीत. लांब पाइप भडोचला, कारण चाचांच्या म्हणण्याप्रमाणे भडोच हे बंदर होते आणि बंदरात लांबलचक वस्तू पडून राहणे शोभून दिसते. वर्षानुवर्षे कुणी न मागितलेला माल बाल्खला, म्हणजे गोदामाच्या अगदी टोकाला, जिथे कूलरचा वारा पोचत नसे.

नवीन माणूस पहिल्या दिवशी गोंधळून जाई. आठवड्याभरात तोच माणूस दुसऱ्याला ओरडून सांगू लागे, "अरे, ग्राइंडिंग डिस्क तक्षशिला में है, तीसरा खाना." सांगणारा नेपाळचा, ऐकणारा श्रीकाकुळमचा, आणि त्यापूर्वी तक्षशिलेचे नाव दोघांच्याही कानांवर आलेले नसे.

ही व्यवस्था चाचांची. चाचा आमचे स्टोअरकीपर. मूळ म्हसळ्याच्या बाजूचे. मराठी शाळेत शिकलेले, इतिहास घेऊन बी. ए. झालेले. शिक्षक व्हायचे म्हणून अर्ज लिहून तयार होता. तेवढ्यात मामाने व्हिसा पाठवला, आणि तो अर्ज अजून त्यांच्या पेटीत आहे असे ते सांगत. बहारीनला आले तेव्हा रॅकवर ए-एक, ए-दोन, बी-एक अशी अक्षरे होती आणि माल रोज हरवत होता. चाचांनी विचार केला की 'बी-चार' कुणाच्या लक्षात राहत नाही, पण ज्या गावाला गोष्ट आहे ते गाव माणूस विसरत नाही. त्यांनी अक्षरे खरवडून काढली, जुन्या यवन राज्यांतली शहरे रॅकवर लिहिली, आणि माल सापडू लागला.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर कागदपत्रांचा कारकून होतो. बारा वर्षे आम्ही शेजारी बसलो. त्या काळात मी जे बोललो ते एका पातळ वहीत मावेल. चाचांचे बोलणे ठेवायला बाल्खपर्यंतचे रॅक पुरले नसते. ते मला नावाने हाक मारत नसत. "अहो लेखनिक," म्हणत. मी खरोखर लिहू लागलो तो या वयात. चाचांनी ती पदवी आगाऊच देऊन ठेवली होती.

त्यांचा आवडता शब्द 'पुरावा'. मेसच्या स्वयंपाक्याने मासा ताजा आहे म्हटले की चाचा विचारत, "सबूत?" तो बिचारा कल्ला उघडून दाखवी. चाचा चष्मा वर करून पाहत आणि म्हणत, "यह तो मछली के मरने का सबूत है. कब मरी, इसका बोलो." मग दोन तुकडे जास्त घेत.

एका शुक्रवारी मी त्यांना माहूजला आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावले. बोलावले म्हणजे, तीन आठवडे बोलवायचे मनात घोळवले आणि चौथ्या आठवड्यात चाचाच म्हणाले, "किती वाजता येऊ?" पानात पुरणपोळी होती. माझ्या मुलीला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीतच येते. ती म्हणाली, "मम्मा मेड इट."

"पुरावा?" चाचांनी गंभीरपणे विचारले.

मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पीठ माखलेले लाटणे आणून त्यांच्या पानाशेजारी ठेवले. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि माझ्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, या मुलीला इंजिनीअर करू नका. वाया जाईल."

बहारीनला ग्रीक लोक तायलोस म्हणत, हा शोध लागल्यापासून रजेच्या अर्जावर 'ठिकाण' या रकान्यात ते तायलोस लिहीत. मनुष्यबळ विभागाची मुलगी तो अर्ज दर वेळी परत पाठवी. चाचा त्याच अर्जावर 'सध्याचे बहारीन' अशी भर घालून पुन्हा पाठवत. शेवटी तिने कंटाळून त्यांच्या नावापुढे ब्रांच ऑफिस तायलोस अशी नोंदच करून टाकली.

पण हे सगळे किरकोळ. चाचांचा जीव अडकला होता तो साकलमध्ये.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पंजाबात यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, राज्य होते. त्यांतला एक राजा मोठा प्रश्न विचारणारा निघाला. भिक्षूंना, पंडितांना प्रश्न विचारून विचारून त्याने हैराण केले, असे जुने पाली ग्रंथ सांगतात. चाचा त्याचे नाव घेत नसत, 'राजेसाहेब' म्हणत; जणू ते आत्ताच जेवायला गेले आहेत आणि येऊन चहा मागतील. या राजेसाहेबांची राजधानी साकल. तिच्याभोवती तट होता, बागा होत्या, बाजारात दूरदेशीचे कापड होते. आता ती नेमकी कुठे होती, यावर मात्र एकमत नाही. बहुतेक विद्वान सियालकोट म्हणतात. जुन्या काळच्या एका इंग्रज संशोधकाने सांगला हिल नावाच्या गावची टेकडी दाखवली होती. ग्रीक आणखी तिसऱ्याच नावाने हे शहर ओळखत, आणि ते नावही नक्की हेच का, याबद्दल शंका.

उत्तम माल चाचा साकलला ठेवत. स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह, परदेशी गेज, हात लावायला सही लागे अशा वस्तू. माल वाढला तेव्हा साकलला दुसरा रॅक लागला. दुसऱ्या कुणी 'साकल दोन' लिहिले असते. चाचांनी समोरासमोरच्या त्या दोन रॅकवर स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'साकल, सियालकोटपक्षी' आणि 'साकल, सांगलापक्षी'. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरांत: 'मतांतर आहे'. हे त्यांनी इंग्रजीत आणि उर्दूतही लिहिले, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा सियालकोटचा होता. भरघोस मिशांचा, रुंद, हळू बोलणारा. आणि माल उचलण्याचे दोर बांधणारा रिगर नेमका सांगला हिलचा. हा सडपातळ, चपळ आणि तोंडाने तिखट. त्यांना आम्ही गावाच्याच नावाने ओळखत असू. तोवर दोघे एका ताटात जेवत. रॅकवरची उर्दू वाचल्यावरही एका ताटातच जेवू लागले, पण मधे बोट फिरवून रेघ आखत.

एकदा विश्रामगृहाच्या कामासाठी कमोडची भांडी आली. जागा नव्हती म्हणून मी भीतभीत ती सियालकोटपक्षी साकलच्या खालच्या खान्यात लिहिली. सियालकोटवाल्याने फोर्कलिफ्ट तिथेच थांबवली, किल्ली काढून खिशात टाकली आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"चाचा, मेरे शहर में कमोड?"

"राजधानी थी," चाचा रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले. "राजधानी में इंतज़ाम तो होना चाहिए."

"तो इसके सांगला में रखो."

"हमारे यहाँ क्यों?" सांगलावाला वरून, शिडीवरूनच म्हणाला. "हमारे यहाँ तो खुला मैदान है, किसी को ज़रूरत ही नहीं."

कमोड शेवटी बाल्खला गेले. पण त्या दिवसापासून दोघांना चटक लागली. जेवणाच्या सुटीत सियालकोटवाला हळूच समोरच्या रॅकवरचा चकचकीत व्हॉल्व्ह उचलून आपल्या गावी नेई. दुपारच्या चहाला सांगलावाला दोन गेज नेई. गंजके फ्लँज एकमेकांच्या शहरात लोटले जात. चाचांना कळले तेव्हा ते पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले.

"अरे, चीज़ अपनी जगह से हिली कि सबूत मर गया," ते म्हणाले. "मिट्टी में जहाँ मिले, वहीं रहने देते हैं. तुम लोग इतिहास में फोर्कलिफ्ट चला रहे हो."

दोघांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार व्हॉल्व्ह इकडचे तिकडे.

खरे तर चाचांनीच त्यांना लाडावून ठेवले होते. रोज चहाच्या वेळी त्यांची साक्ष चाले. चाचांकडे एक निळी वही होती. तिच्यात डावीकडे सियालकोट, उजवीकडे सांगला.

"तेरे घर से टीला कितने क़दम?"

"क़दम कौन गिनता है, चाचा. मोटरसाइकिल पे जाते थे."

"बारिश के बाद ज़मीन से ईंटें निकलती हैं?"

"बहुत निकलती हैं."

चाचा पेन्सिल वहीवर टेकवत. "पुरानी?"

"नहीं. मेरे फूफा का भट्ठा है वहाँ."

चाचा तेही लिहून घेत: 'फूफाची वीटभट्टी. साक्षीदार प्रामाणिक.'

एका हिवाळ्यात कंपनीची सहल झल्लाकच्या किनाऱ्यावर गेली. बाकीचे कबाब भाजत होते. चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि छत्रीच्या टोकाने ओल्या वाळूत दोन लांब रेघा ओढल्या. ही चिनाब, ही रावी. मधे वाळूचे दोन ढिगारे केले, एक सियालकोट, एक सांगला. सियालकोटवाल्याने आपला ढिगारा जरा उंच केला. सांगलावाल्याने आपला त्याहून उंच केला. हा म्हणाला आमच्याकडे किल्ला आहे, तो म्हणाला आमच्याकडे टेकडीच आहे. अर्ध्या तासात दोन्ही शहरे कमरेएवढी झाली आणि इंजिनीअर लोकांची मुले बादल्या घेऊन दोन्ही बाजूंना मजुरीला लागली. तेवढ्यात कुणाचा तरी फुटबॉल वेगाने येऊन सियालकोटच्या डोक्यावर आदळला. तट, बागा, बाजार सगळे कोसळले.

सांगलावाला हसून हसून वाळूत लोळला. सियालकोटवाल्याने शांतपणे फुटबॉल उचलला, फिरवून त्यावरचा शिक्का पाहिला आणि म्हणाला, "कोई बात नहीं. यह भी हमारे यहीं का बना है."

भरती येऊ लागली तशी माणसे कबाबांकडे गेली. चाचा मात्र दोन नद्यांच्या मधे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. मी त्यांच्या चपला घेऊन गेलो.

"लेखनिक," ते म्हणाले, "मी आत्ता उभा आहे ना, इथेच कुठेतरी. थोडं इकडे नाहीतर थोडं तिकडे."

"तुम्ही एकदा जाऊन..." मी म्हणालो.

"कुठल्या पासपोर्टावर जाऊ?" चाचा हसले. "जन्मात दिसायचं नाही ते आपल्याला. म्हणून तर इथे चिकटलोय. घरी मासे आहेत, नातवंडं आहेत, सगळं आहे. पण साकलचे दोन नागरिक म्हसळ्यात मिळायचे नाहीत. इथे आहेत तोवर विचारून घ्यायचं."

पाणी चिनाबेतून रावीत गेले. आम्ही परत निघालो. चाचांनी साठी ओलांडली होती आणि त्यांचा व्हिसा एकेका वर्षाने, मॅनेजरच्या सहीवर वाढत होता, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पुढच्या वर्षी नवे मॅनेजर आले. केरळचे, तरुण, नम्र, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहणारे. त्यांना वाईट म्हणता येणार नाही. एका मोठ्या दुरुस्तीच्या कामात रजिस्टरप्रमाणे सियालकोटला असलेला व्हॉल्व्ह सांगल्यात, गंजक्या फ्लँजच्या मागे सापडला. तोवर अर्धा दिवस गेला होता आणि ग्राहकाचे चार साहेब ऊन खात उभे होते. मॅनेजरांनी गोदामात नवा संगणक बसवला, सगळ्या जागा त्यात भरायचे काम मला दिले, आणि चाचांना केबिनमध्ये बोलावले. मी कोपऱ्यात टंकलेखन करीत होतो. मला बाहेर जायला कुणी सांगितले नाही. मी खोलीत आहे हे बहुधा लोकांच्या लक्षात राहत नाही.

"चाचा, नाम अच्छे हैं, रहने दो," मॅनेजर म्हणाले. "बट साकल दो जगह कैसे? एक शहर, एक रॅक. कौन सा असली है, आप डिसाइड करो. दूसरे को कुछ और नाम दे दो."

"साहब, वह तो विवादित है."

"सिस्टम में विवाद का कॉलम नहीं है."

"यह सिस्टम की कमी है," चाचा अदबीने म्हणाले.

मॅनेजरांनी घड्याळ पाहिले. टेबलावर चाचांच्या व्हिसाचा कागद होता. त्यांनी तो सरकवून पुढे घेतला आणि पेन त्याच्यावर आडवे ठेवले. "गुरुवार तक. स्टोअर सेटल हो गया तो मैं साइन करूँगा. नहीं तो मुझे ऐसा आदमी चाहिए जो डिसाइड कर सके. प्लीज़, चाचा."

तो रविवार होता, इथल्या कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. चाचांनी सोमवारी निळी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मंगळवारी घरून फोन आला. चाचांना ऐकायला कमी येई म्हणून फोन स्पीकरवर असे.

"कुठला पन एक नाव लिवा नि मोकले व्हा," चाची म्हणत होत्या. "कोन येतोय तपासाला?"

"राजेसाहेब," चाचा म्हणाले.

"ते येतील तवा मी चा करीन. तुमी लिवा."

चाचांनी लिहिले नाही. बुधवारी त्यांनी मला विचारले, "लेखनिक, तुम्हाला काय वाटतं? सियालकोट म्हणावं, तर पुरावा भरपूर, पण पुरता नाही. सांगला म्हणावं, तर पुरावा थोडा, पण तो माणूस समोर बसून जेवतो. त्याला काय सांगू? सहीसाठी तुझं गाव खोडलं?"

मला पुष्कळ काही वाटत होते. मी म्हणालो, "हं."

गुरुवारी सकाळी मी केबिनच्या कोपऱ्यात याद्या भरत असताना सियालकोटवाला टोपी हातात घेऊन आत आला. दार नीट लावून घेतले.

"साहब, वह साकल का मामला. साकल सांगला में ही था जी."

मॅनेजरांनी मान वर केली. "आप तो सियालकोट के हो."

"इसीलिए तो मालूम है. हमारे यहाँ होता तो हमें पता नहीं होता? मेरे दादा भी कहते थे, सांगला. उसी का नाम लिख दो. बस चाचा का काग़ज़ साइन कर दो."

तो गेला. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. मी कीबोर्डकडे पाहिले. त्यांनी समाधानाने पेन उचलले. तेवढ्यात मागच्या दाराने सांगलावाला आला.

"सर, एक मिनट. साकल तो सियालकोट ही है. हमारे यहाँ क्या है, एक टेकरी और एक रेलवे जंक्शन. राजा वहाँ क्या करता, गाड़ी बदलता? सियालकोट लिखो. और वह चाचा वाला पेपर..."

मॅनेजरांनी पेन खाली ठेवले.

पाच मिनिटांनी तिघेही केबिनमध्ये उभे होते, चाचा मधे. काय घडले ते मॅनेजरांनी सांगितले. चाचांचा चेहरा लाल झाला.

"किस सबूत पर?" ते सियालकोटवाल्याकडे वळले. "आठ साल से वही में लिख रहा हूँ, सियालकोट, सियालकोट. आज दादा कहाँ से आए? दादा का बयान पहले क्यों नहीं दिया?"

"दादा कम बोलते थे, चाचा."

"और तू. टीला, तालाब, तेरी नानी की सुनाई कहानी, सब झूठ?"

"नानी मज़ाक़ बहुत करती थी," सांगलावाला जमिनीकडे पाहून म्हणाला.

"तू सियालकोट को क्यों दे रहा है?" इतक्यात सियालकोटवाला त्याच्यावर घसरला. "मैं तो तेरे नाम कर चुका था सुबह."

"तुझे किसने कहा था देने को? मैं अपना दे रहा हूँ, मेरी मर्ज़ी."

"पहले मैंने दिया."

"तो वापस ले."

"नहीं लेता."

चाचा हात वर करून मॅनेजरांकडे वळले. आवाज शांत होता, पण बारीक झाला होता. "साहब, दोनों गवाह मुकर गए. अब मामला पहले से ज़्यादा विवादित है. मैं झूठी गवाही पर रॅक का नाम नहीं लिख सकता."

"चाचा," सियालकोटवाला हळूच म्हणाला, "एक साल और रुक जाओ. शहर का क्या है, जहाँ है वहीं रहेगा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागले. पुष्कळ वेळ पुसला. मॅनेजरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरले. व्हिसाचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता आणि त्याच्यावरचे पेन घरंगळत कडेपर्यंत आले होते. ते खाली पडले तर कुणी उचलणार नाही, असे मला का कोण जाणे वाटले.

मी म्हणालो, "सर."

सगळ्यांनी वळून पाहिले. मॅनेजर तर दचकलेच. माझ्या घशात जे होते ते मी इंग्रजीत बोललो की हिंदीत, हे मला आज आठवत नाही. म्हणालो ते असे, की सर, दोन रॅकना दोन नावे द्यावीत, नुसते सियालकोट आणि नुसते सांगला. त्यांविषयी कुणाचा वाद नाही, ती गावे आहेतच. साकल हे नाव दोघांच्या मधल्या वाटेला द्यावे. तिथे माल नाही, म्हणून चूक होणार नाही. संगणकाला जागेचे नाव लागते; जागेत काही असलेच पाहिजे असे तो म्हणत नाही. मी सकाळी करून पाहिले आहे. तो शून्य दाखवतो आणि पुढे जातो.

मॅनेजर म्हणाले, "खाली जगह का नाम?"

"शिल्लक शून्य," चाचा पुटपुटले. मग मराठीत, फक्त माझ्याशी, "अहो लेखनिक, पुरावा सापडेपर्यंत शून्य. हे शास्त्राला धरून आहे."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिले, पेन उचलले आणि सही केली. "खलास," ते म्हणाले. बाहेर जाताना दोन्ही नागरिक एकमेकांना दारात "पहले आप" म्हणत अडकून बसले.

ते एक वर्ष चाचांनी राजासारखे काढले. दर मोजणीला यादीत ओळ येई: साकल, शिल्लक शून्य. दुसरा कुणी असता तर टेबलावरूनच खूण केली असती. चाचा उठत, चष्मा लावत, दोन रॅकच्या मधल्या वाटेत जाऊन उभे राहत, वर पाहत, खाली पाहत, आणि मग खूण करीत. व्हॉल्व्ह पळवणे बंद झाले होते, कारण आता राजधानीला मालाची गरज नव्हती.

उन्हाळ्यात सियालकोटवाला रजेवर गेला. परतला तेव्हा त्याने पिशवीतून एक कोरा फुटबॉल काढला आणि चाचांपुढे ठेवला. त्यावर गावाचे नाव छापलेले होते.

"लो चाचा, सबूत."

चाचांनी तो कानाशी धरून वाजवला. "यह सबूत है कि फुटबॉल सियालकोट में बनता है. राजेसाहब वहाँ रहते थे, इसका नहीं."

"खेलते होंगे," तो म्हणाला.

सांगलावाला पुढच्या महिन्यात गेला. त्याने जंक्शनचे प्लॅटफॉर्म तिकीट आणले, काळजीपूर्वक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले. चाचांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. मग मधल्या वाटेच्या टोकाला, भिंतीशी एक लाकडी खोका उलटा करून त्यावर दोन्ही वस्तू मांडल्या.

व्हिसाचे ते वर्ष सरले. त्यांच्या शेवटच्या मोजणीला यादी त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली. साकल: फुटबॉल एक, तिकीट एक. शेरा: मतांतर आहे.

विमानतळावर जायच्या दिवशी दोघेही पोचवायला आले. सियालकोटवाल्याने हातात फुटबॉल आणला होता, की चाचा बॅगेत घेऊन जातील. चाचांनी तो पाहताच कपाळाला आठ्या घातल्या.

"कहाँ से उठाया?"

"साकल से."

"वापस रख," चाचा म्हणाले. "सबूत जगह से नहीं हिलाते." मग ते दोघांच्याही गळ्यात पडले, एका वेळी एकाच्या, आणि दोन्हीकडे सारखाच वेळ जाईल याची काळजी घेत. माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "लेखनिक, खूण जाऊन करा. बसल्या जागेवरून नको."

त्यानंतर मॅनेजर बदलले. संगणक बदलला. साकल यादीत आहे. ते काय आहे असे कुणी विचारले, तर मी माझ्या परीने सांगतो, आणि पूर्वीपेक्षा थोडे जास्त बोलतो. दर मोजणीला मी उठून त्या वाटेत जातो. तिकिटावरची शाई फिकी पडत चालली आहे. फुटबॉल मऊ होतो. बसलेला फुटबॉल यादीत एक म्हणून धरावा की नाही, याबद्दलही मतांतर आहे. म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी सियालकोटवाला त्यात हवा भरून ठेवतो.

यंदा तो रजेवर गावी होता. हवा भरायचे मी विसरलो होतो. खूण करायला गेलो तर चेंडू टणक होता, आणि खोक्याशेजारी सांगलावाला पंप हातात घेऊन, घाम पुसत बसला होता.